बिनकुलपाची सीडी

गेल्या दिवाळीत धाराशिवला गेलो तेव्हा दादाच्या नव्या घरासमोर भंगारवाल्याचा हातगाडा उभा होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आमच्या नानांचा मुलगा. घर नुकतंच बांधून झालेलं. हॉलच्या भिंतीवर पासष्ट इंची फोर-के टीव्ही लागलेला. जुन्या घरातून आलेले पुठ्ठ्याचे तीन खोके दारात पडलेले आणि त्यांत गच्च भरलेल्या व्हीसीडी. रद्दी मोजून झाली होती, लोखंड मोजून झालं होतं, आता ह्याचं काय लावू, असं भंगारवाला विचारत होता. दादा म्हणाला, "प्लॅस्टिकच्या भावात लाव की."

मी खोके आत ओढले. वहिनी हसल्या. दादा वैतागला. "आरं, बघायला प्लेअर तरी हाय का घरात? अन् सगळं हाय की आता ॲपवर." मग टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाला, "त्यापरीस तू मला ह्ये सांग. इंजिनिअर हाइस तू. एवढा टीव्ही घेतलाय, तर ब्लू-रे प्लेअर घ्यावा का? का ॲपच बरं?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. चित्र, आवाज, बिटरेट असं काहीतरी बोललो. खरं उत्तर पुण्याला परत येताना, मांडीवर एक खोका घेऊन एसटीत बसलो तेव्हा सुचलं. ते इथे लिहितोय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच भांडायला सुरुवात करावी. चित्र किती स्वच्छ दिसतं, हा फॉरमॅट निवडताना विचारायचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की ती गोष्ट बघायला आणि उद्या दुसरीकडे उतरवून घ्यायला कुणाची परवानगी लागते. गेली वीस वर्षं आपण दुसऱ्याच प्रश्नावर भांडत बसलो आणि पहिला प्रश्न आपल्यासाठी दुसऱ्यांनी परस्पर सोडवून टाकला.

ते गाजलेलं भांडण

तुमच्यापैकी अनेकांनी ब्लू-रे हातात धरलेली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. डीव्हीडीवर एका थरात ४.७ जीबी मावतात. एचडी चित्रपटाला ते पुरेना. म्हणून लाल लेझरच्या जागी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर आला. तरंगलांबी कमी, म्हणजे डिस्कवरचे खड्डे जास्त बारीक कोरता येतात आणि तेवढ्याच चकतीवर कितीतरी जास्त माहिती बसते. हा लेझर दोन्ही बाजूंकडे होता. तोशिबाच्या बाजूची एचडी डीव्हीडी एका थरात १५ जीबी घ्यायची, सोनीच्या बाजूची ब्लू-रे २५ जीबी. २००६ साली दोन्ही बाजारात आल्या. एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी चालत नव्हती. हॉलिवूडचे स्टुडिओ दोन गटांत वाटले गेले. म्हणजे आवडते दोन चित्रपट बघायला गिऱ्हाइकाने दोन प्लेअर घ्यायचे!

तोशिबाने प्लेअर स्वस्त केले. २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत तिचा एक प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला गेला. सोनीने ब्लू-रे थेट प्लेस्टेशन ३ मध्येच बसवली, त्यामुळे गेम खेळायला घेतलेलं यंत्र आपोआप ब्लू-रे प्लेअर झालं. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने सांगितलं की आम्ही यापुढे फक्त ब्लू-रे काढणार, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. दोन वर्षांच्या आत खेळ खल्लास.

हे भांडण जुन्या भांडणाची दुसरी फेरी होती. १९७५ ला सोनीने बीटामॅक्स आणली, १९७६ ला जेव्हीसीने व्हीएचएस. बीटामॅक्सचं चित्र चांगलं म्हणतात, पण सुरुवातीला तिच्या कॅसेटवर तासभरच मावायचा, व्हीएचएसवर दोन तास. दोन तासांत चित्रपट बसतो, एका तासात बसत नाही. व्हीएचएस जिंकली आणि १९८८ ला खुद्द सोनीला व्हीएचएसची यंत्रं बनवावी लागली. पुढच्याच वर्षी सोनीने कोलंबिया पिक्चर्स हा स्टुडिओच विकत घेतला. या हरण्यातून सोनीने काय शिकायचं ते शिकून घेतलं. चांगलं यंत्र बनवून भागत नाही, यंत्रात घालायचं चित्रही आपल्या मालकीचं लागतं.

तंत्राच्या बाजूने विचाराल तर ब्लू-रेचं जिंकणं मला मान्य आहे. जागा जास्त, बिटरेट जास्त. पण एचडी डीव्हीडीची एक गोष्ट तेव्हा फार कुणी मनावर घेतली नाही. तिच्यावर प्रदेशाचं बंधन नव्हतं. ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले. अमेरिका ए मध्ये, भारत सी मध्ये. डीव्हीडीतही हेच होतं, अमेरिका १ आणि आपण ५. अमेरिकेतल्या मामाने हौसेने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरमध्ये घातली आणि पडद्यावर 'चुकीचा प्रदेश' उमटला, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. डिस्क तुमची, प्लेअर तुमचा, वीज तुमची. तरी चालणार नाही, कारण तुम्ही कुठल्या गावात राहता हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलंय.

आणि जे कुलूप खरं मोठं, ते तर दोघींवर एकच होतं. ते बसवावं यावर त्या दोन शत्रूंचं पूर्ण एकमत होतं! त्याचं नाव एएसीएस. डिस्कवरची माहिती कुलूपबंद, चावी प्लेअरमध्ये. ती चावी दूरवरून रद्दही करता येते. २००७ साली विनडीव्हीडी या संगणकावरच्या प्लेअरच्या चाव्या फुटल्या, तेव्हा नेमकं हेच झालं. प्रोग्राम अपडेट करा, नाहीतर नव्या डिस्क विसरा. पैसे मोजून प्रोग्राम घेतलेल्या साध्या गिऱ्हाइकालाही हेच सांगितलं गेलं. म्हणून म्हणतो, त्या भांडणात गिऱ्हाइकाची बाजू घेणारं कुणीच नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला राहणार, एवढाच वाद होता.

तेव्हा आमच्याकडे काय चाललं होतं

फेब्रुवारी २००८ मध्ये मी अकरा वर्षांचा होतो आणि शाळा सुटली की तुळजापुरात नानांच्या दुकानात जाऊन बसायचो. बसस्टँडजवळ दहा बाय बाराची खोली. आधी नाना गणपतीत आणि नवरात्रात टीव्ही-व्हीसीआर भाड्याने द्यायचे. चौकात पडदा लागायचा आणि रात्रभर तीन पिक्चर. लग्नाचं शूटिंगही तेच करायचे, खांद्यावर तोफेसारखा कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरणारा पोऱ्या. मग व्हीसीडी आली आणि दुकानाच्या भिंती डिस्कच्या पाकिटांनी भरल्या.

व्हीसीडी म्हणजे गरिबाघरचं लेकरू. १९९३ चं मानक, एमपेग-१ चं कॉम्प्रेशन, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं चित्र. सगळे मिळून लाखभर ठिपके. फुल एचडीत वीस लाखांच्या वर असतात. एका डिस्कवर सव्वा तास मावायचा, म्हणून पिक्चरच्या ऐन रंगात उठून दुसरी सीडी घालावी लागायची. हाणामारीत तर चित्राचे नुसते चौकोन व्हायचे. अमेरिकेत ती कधी रुजलीच नाही. आशियात मात्र घरोघरी गेली, आणि आमच्या जिल्ह्यात वाडीवस्तीवर गेली. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत वीज आली की अर्धा पिक्चर आणि परत आली की उरलेला, असे कितीतरी पिक्चर मी पाहिलेत.

ती एवढी का पसरली? स्वस्त होती म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की तिच्यावर कुलूपच नव्हतं. प्रदेश नाही, चावी नाही, नोंदणी नाही. संगणकात घातली की एमपेगएव्ही नावाचा फोल्डर, आत डॅट नावाची फाइल. उचला, चिकटवा, झालं. तुळजापुरात नवरात्रात आलेला माणूस प्रसाद, कवड्यांची माळ आणि आईच्या गाण्यांची व्हीसीडी घेऊन गावाकडे जायचा, आणि ती तिकडच्या कुठल्याही प्लेअरवर चालायची. गोंधळ, भारूड, आराध्यांची गाणी, वगनाट्यं. हे सगळं ज्यांनी भरलं, त्या छोट्या कंपन्यांना कुठल्या स्टुडिओच्या गटात सामील व्हावं लागलं नाही. एक कॅमेरा आणि सीडी भरून देणारा ओळखीचा माणूस, एवढ्यावर काम व्हायचं.

आता हे बघा. २००७ साली, अमेरिकेत दोन निळ्या लेझरांची लढाई ऐन भरात असताना, आपल्याकडे मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. चोरट्या कॉपीच्या भावात अस्सल माल. तिकडे पायरसीवर उपाय म्हणून कुलूप मोठं केलं, इकडे भाव पाडला. नानांच्या दुकानात त्या निळ्या-पांढऱ्या लढाईचं नावही कुणाला माहीत नव्हतं, पण ३४ रुपयांची डीव्हीडी सगळ्यांना माहीत होती. कोणी काहीही म्हणो, जनतेचा फॉरमॅट कसा निवडला जातो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सरळ उदाहरण हे आहे.

मेलेली कंपनी आणि चालणारी डिस्क

मोझर बेअर आज नाही. २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने ती मोडीत काढायचा आदेश दिला. तिच्या डिस्क मात्र आमच्या खोक्यात आहेत आणि चालतात. कंपनी बुडाली याचा त्या डिस्कला पत्ताच नाही.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. १९९८ साली अमेरिकेत डिव्हएक्स नावाची डिस्क निघाली. (त्याच नावाचं व्हिडिओ कॉम्प्रेशन नंतर आलं, त्याचा हिच्याशी संबंध नाही.) साडेचार डॉलरच्या आसपास किंमत. घरी आणून प्लेअरमध्ये घातली की ४८ तास चालणार, पुढे पुन्हा पैसे. प्लेअर फोनच्या तारेने कंपनीला कळवणार आणि कंपनी हो म्हणाली तरच चित्र दिसणार. लोकांना हा प्रकार रुचला नाही. १९९९ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि २००१ मध्ये परवानगी देणारी यंत्रणाच बंद झाली. ज्यांनी जास्तीचे पैसे भरून ती डिस्क 'कायमची' घेतली होती, त्यांच्या हातात चहाचा कप ठेवायला चकत्या उरल्या.

तेव्हा लोक या कल्पनेवर हसले होते. आज आपण तीच कल्पना दर महिन्याला पैसे भरून वापरतो, फक्त फोनच्या तारेच्या जागी वायफाय आहे. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी मिळून चालवलेली अल्ट्राव्हायोलेट नावाची 'डिजिटल कपाटाची' योजना ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परत ओढून घेतली, आणि त्यातलं एक पुस्तक ऑर्वेलचं '१९८४' होतं. ही थट्टा मी रचलेली नाही, हे खरंच घडलंय. शेवटी कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूच्या बटणावर नुसतं 'विकत घ्या' असं लिहून गिऱ्हाइकाला फसवता येत नाही, तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे सांगावं लागतं.

मलाही एकदा हा फटका बसलाय. कॉलेजात असताना एका ॲपवर पैसे देऊन एक चित्रपट 'विकत' घेतला होता. दोन वर्षांनी उघडायला गेलो तर तो यादीत नव्हता. तक्रार केली, उत्तर आलं की हक्कांचा करार संपला. माझा करार कुणाशी होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

म्हणून मी म्हणतो, एचडी डीव्हीडी घेऊन फसलेला २००८ चा माणूस आजच्या आपल्यापेक्षा सुखी होता. त्याचा फॉरमॅट हरला. नवे पिक्चर त्यावर येणं बंद झालं. पण घरात होत्या त्या डिस्क, प्लेअर चालू आहे तोवर चालत राहिल्या. त्या परत न्यायला तोशिबाचा माणूस त्याच्या दारात आला नाही.

'पण' म्हणणाऱ्यांना

आता तुमचे आक्षेप. माझ्या ऑफिसातल्या मित्रांनी ते चहाच्या टपरीवर सगळे घेऊन झालेत, त्यामुळे मला पाठ आहेत.

पहिला: तू पायरसीची वकिली करतोयस. नाही. नानांच्या दुकानातल्या निम्म्या तरी सीडी चोरट्या होत्या आणि त्याने मराठी निर्मात्यांचं नुकसान झालं, हे मी झाकणार नाही. ज्या गोंधळ्यांचा संबळ त्या सीडींत वाजतो त्यांना एकदाच काय ती बिदागी मिळाली, पुढच्या हजार कॉप्यांचा छदाम मिळाला नाही. हा अन्याय आहे. पण कुलपाने तो मिटला का? कुलूपबंद ब्लू-रेचीही कॉपी होते, ॲपवरचा चित्रपट त्याच रात्री टेलिग्रामवर येतो. कुलूप चोराला अडवत नाही. ते अडवतं तुमच्या आईला, जिला नव्या फोनवर जुनं भजन हवंय. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं आणि या कुलपाला कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यात अपवाद आहेत, पण ते वकिलाला कळतील. मला एवढंच कळतं की स्वतःच्या वस्तूची स्वतःपुरती प्रत काढताना माणसाला वकील लागू नये.

दुसरा: क्वालिटी. पासष्ट इंची टीव्हीवर व्हीसीडी बघून दाखव. बघितली. वाईट दिसते. पण क्वालिटीवाल्यांनी जरा आकडे बघावेत. ब्लू-रेवर व्हिडिओचा वेग सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जातो. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की एचडी बघताना तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात मेगाबिट. आधुनिक कॉम्प्रेशन हुशार आहे हे धरलं, तरी अंधाऱ्या प्रसंगात भिंतीवर पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या उगाच नाहीत. क्वालिटी खरंच महत्त्वाची असती तर आपण डिस्क सोडली नसती. आपण सोय निवडली आणि तिला क्वालिटी म्हणालो.

तिसरा, दादाचा: सगळं ॲपवर आहे. सगळं म्हणजे काय? मी पहिल्या खोक्यातली नावं एकेक करून शोधली. मोठ्या नटांचे चित्रपट सापडले, बरेचसे कुणीतरी यूट्यूबवर चढवलेल्या त्याच व्हीसीडीच्या प्रती. आराध्यांची गाणी, दोन वगनाट्यं, आमच्या भागातल्या एका शाहिराचा पोवाडा, यांतलं मला काहीच मिळालं नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी हानी ही आहे. प्रत्येक नवा फॉरमॅट म्हणजे चाळणी. व्हीएचएसवरून व्हीसीडीवर येताना काही गळालं, डीव्हीडीवर जाताना अजून गळालं, ब्लू-रेवर तर आपलं मराठी जवळजवळ गेलंच नाही. वर राहतं ते ज्याच्यामागे पैसा आहे ते. गळतं ते छोटं, गावचं, बोलीतलं. आपल्याला याची सवयच झालीय. १९१३ च्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही. 'आलम आरा', देशाचा पहिला बोलपट, एकही प्रत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळं जळाली. जिथे एकच प्रत एकाच जागी असते तिथे एक ठिणगी पुरते. सरकारी संग्रहालयाची ही गत, तर तुळजापूरच्या सीडीचा सांभाळ कोण करणार? ॲपवाले? त्यांच्या हिशोबाच्या तक्त्यात ती ओळच नाही.

चौथा आक्षेप सगळ्यात खरा: डिस्कही टिकत नाहीत. मान्य. घरी भरलेल्या सीडीचा रंगथर उडतो, बुरशी लागते, चरे पडतात. वर यंत्रंच संपत चाललीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई २०१६ ला थांबली. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. म्हणजे २००८ चा विजेताही आता निवृत्तीला आलाय. म्हणूनच मी डिस्कची पूजा करा म्हणत नाही. चकती मरणारच आहे. ती मरायच्या आत तिच्यातलं दुसरीकडे हलवता आलं पाहिजे, आणि कुलूप नेमकं तेच होऊ देत नाही.

दोन लग्नं

आमच्या आत्याचं लग्न मे १९९९ मध्ये झालं. शूटिंग नानांनी केलं, व्हीएचएसवर. लग्नानंतर घरी गोंधळ घातला होता. माझी आजी आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. गोंधळ्यांचं झाल्यावर पहाटे आजी एकटी गायली, दहा-बारा मिनिटं. २००६ ला आजी गेली. तिचा आवाज दुसऱ्या कशातही नाही.

ती कॅसेट आता चालत नाही, टेपवर पांढरी बुरशी आहे. पण २००५ मध्ये नानांनी तिची व्हीसीडी भरून ठेवली होती. २०१४ मध्ये इंजिनिअरिंगला गेल्यावर माझ्या पहिल्या लॅपटॉपमध्ये ती डॅट फाइल मी चिकटवली होती, मुद्दाम नव्हे, गाणी कॉपी करता करता. आज ती व्हीसीडी मधेच अडकते. फाइल मात्र व्हीएलसीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते. तीनदा घर बदललं, तीन यंत्रं बदलली, कुणालाही न विचारता.

माझ्या बहिणीचं लग्न २०२१ मध्ये झालं, लॉकडाउनमध्ये, मोजक्या माणसांत. ड्रोन होता, फोर-के होतं, सिनेमासारखं एडिटिंग होतं. फोटोग्राफरने एक लिंक पाठवली. आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं, वा वा केलं, आणि डाउनलोड करायचं राहून गेलं. वर्षभराने लिंक उघडेना. मुदत संपली होती आणि त्याने जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसल्या होत्या. आमचीच चूक आहे, मान्य. पण हिशोब बघा. लाख ठिपक्यांचं १९९९ चं लग्न आज दिसतं आणि ऐंशी लाख ठिपक्यांचं २०२१ चं लग्न दिसत नाही. आता मला कुणी रिझोल्यूशनवर प्रवचन देऊ नये.

तर मग काय घ्यायचं?

दादाला मी नंतर फोनवर उत्तर दिलं ते असं. एखादा पिक्चर एवढा आवडत असेल की दहा वर्षांनी पोरांना दाखवावासा वाटेल, तर त्याची ब्लू-रे किंवा डीव्हीडी मिळाली तर घे. कुलूप आहे, पण निदान वस्तू घरात राहते. नुसती करमणूक हवी असेल तर ॲप घे, पण ते भाडं आहे हे विसरू नकोस. भाड्याच्या घरात कुणी विहीर खणत नाही. आणि आपलं स्वतःचं जे आहे, लग्न, गोंधळ, आजीचं गाणं, ते कुलूप नसलेल्या साध्या फाइलमध्ये ठेव, दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं. चार-पाच हजाराची एक हार्डडिस्क येते, ती ब्लू-रे प्लेअरच्या आधी घे. पाच-सहा वर्षांनी नवी घे आणि सगळं तिच्यावर उतरव. या कामाला शेवट नाही. घराला दरवर्षी चुना लावतो तसं आहे हे.

"अन् त्या खोक्यांचं?" दादाने विचारलं.

मी यूएसबीचा एक डीव्हीडी ड्राइव्ह घेतलाय. शनिवारी-रविवारी बसतो. दोन खोके झालेत. त्यांत एकशे चाळीस डिस्क होत्या, शंभराच्या वर पूर्ण उतरल्या, काही अर्ध्यामुर्ध्या, काहींनी पहिल्याच मिनिटाला दम तोडला. जिथे हक्क कुणाचे हे माहीत आहे ते मी कुठे चढवणार नाही. पण प्रत तरी राहील, आणि उद्या त्या शाहिराच्या नातवाने विचारलं तर त्याला द्यायला माझ्याकडे काहीतरी असेल.

संक्रांतीला आत्या धाराशिवला आली तेव्हा दादाने ती फाइल पेनड्राइव्हवरून पासष्ट इंची टीव्हीवर लावली. मी व्हिडिओ कॉलवर होतो. आजीचा चेहरा म्हणजे दहा-वीस चौकोन, परडी तर ओळखूही येत नव्हती. आवाज मात्र आला. चित्र खराब आहे असं कुणीच म्हणालं नाही. संपल्यावर दादा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पुन्यांदा लाव."

तुमच्याही घरात, माळ्यावर किंवा दिवाणाच्या पेटीत, असा एक खोका असेल. सुट्टीला गेलात की भंगारवाल्याच्या आधी पोचा.

माझा तिसरा खोका अजून बाकी आहे.